खाल्लेलं वजा करून

सोमवारी ऊसतोडीच्या गाड्या येणार होत्या. गाड्या आल्या की बोरदऱ्यातल्या निम्म्या घरांना कुलपं लागतात. कोयते, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या आणि तान्ही लेकरं घेऊन माणसं जी ट्रॅक्टरवर चढतात, ती थेट उन्हाळ्यात उतरतात. म्हणून विहीर संस्थेची सभा दरसाल दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी घ्यायची, हा गहिनीनाथ गुरुजींनी पाडलेला पायंडा. २०१८ साली पायंडा राहिला, गुरुजी राहिले नाहीत. श्रावणातच ते गेले.

त्यांच्या जागी सभासद म्हणून अंजनाचं नाव लागलं. अंजना ही गुरुजींची एकुलती एक लेक. वय एक्केचाळीस, बीडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. दिवसकार्य आटोपून ती परत गेली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव यांचा फोन आला.

"बंकटनं ठराव दिलाय. हिरीजवळ बोअर घ्यायचा म्हणतो. सात हात हायेत त्याच्याकडं. तू ये."

"आणि तुमचा हात कुठं आहे, काका?"

सुंदररावांनी नुसता घसा खाकरला. मग म्हणाले, "तू ये तर खरं."

संस्था म्हणजे अकरा घरं, एक सामायिक विहीर, एक मोटर आणि पाण्याच्या पाळ्या. नियम दोनच. विहिरीच्या पाण्यावर ऊस लावायचा नाही आणि विहिरीपासून हजार फुटांच्या आत कुणी बोअर घ्यायचा नाही. या दोन नियमांवर ती विहीर चौदा वर्षं टिकली. आजूबाजूच्या वाड्यांना टँकर सुरू झाले तरी बोरदऱ्याच्या विहिरीत पिण्यापुरतं पाणी राहायचं. यंदा मात्र पावसानं ऑगस्टातच पाठ फिरवली. विहिरीत साडेतीन परस पाणी उरलं होतं. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. एवढ्याशा पाण्यात अकरा घरं, त्यांची जनावरं आणि धुळाजीची मेंढरं यांना पुढचा मृग गाठायचा होता. साठ पावलांवर चारशे फुटांचा बोअर पडला, तर संक्रांतीला विहिरीचा तळ दिसणार, हे सांगायला कुणी भूगर्भवाला नको होता.

दसऱ्याच्या संध्याकाळी अंजना आपट्याची पानं घेऊन बंकटच्या ओसरीवर गेली. दोघं एका वर्गातली. गुरुजींनी दोघांनाही एकाच छडीनं पाढे शिकवलेले.

"सोनं घे, बंकट."

"घे बाई. सोन्यासारखी ऱ्हा." त्यानं पानं कपाळाला लावली आणि बसायला पोतं झटकलं. "ठरावाचं बोलायला आलीस व्हय?"

"हो."

"मग ऐक. चौदा वर्षं दुसऱ्याचा ऊस तोडला मी. डोक्यावर मोळी, फळीवरून गाडीत. आता कमरेत चमक धरती, खाली बसलो तर उठायला बायको लागती. माझ्याच रानात एकरभर ऊस उभा असंल तर कावून जाऊ मी कर्नाटकात?"

"आणि विहीर?"

"हीर यंदा तशीबी आटणारच." त्यानं तंबाखू मळली, पण तोंडात टाकली नाही. "गुरुजी लई मोठा माणूस. नियमबी मोठाच. पण अंजे, एक सांगू का? त्यांना कधी कोयता धरावा लागला न्हाई."

अंजना उठली. ती घरी आली आणि कोठीच्या दारामागची फळी तिनं बाहेर काढली.

फळी पुरुषभर उंच होती, चुना मारलेली. तिच्यावर खिळ्यांच्या चाळीस ओळी आडव्या आणि अकरा उभ्या. गुरुजींनी ती स्वतः ठोकली होती, खिळे कड्याच्या बाजारातून आणलेले. मूळ कल्पना मात्र अंजनाची. औरंगाबादला शिकत असताना वसतिगृहात एका मैत्रिणीच्या भावाचा कॉम्प्युटर आला होता. त्यावर राज्यं वाढवण्याचा एक खेळ होता. तासन्‌तास लढाया, तह, शहरं. आणि खेळ संपला की काळ्या पडद्यावर एक चित्र उमटायचं. प्रत्येक राजाची एक रंगीत रेघ, डावीकडून उजवीकडे शतकं आणि खालून वर गुण. कोण कधी वर आला, कुणी कुणाला कुठं ओलांडलं, सगळं एका नजरेत. तिनं वडिलांना पत्रात त्याचं वर्णन लिहिलं होतं. पुढं विहीर संस्था निघाली तेव्हा गुरुजींना ते पत्र आठवलं आणि त्यांनी विहिरीचा डाव रचला.

डाव सोपा होता. घंगाळात चाळीस चिंचोके, म्हणजे विहीर. चार खेळाडू, म्हणजे चार घरं. घंगाळावर धडपं टाकायचं आणि चौघांनी एकदमच त्याखाली हात घालायचा. दोन चिंचोके काढले तर बाजरी, पाच काढले तर ऊस. त्याहून जास्त नाही. मुठी एकदम उघडायच्या. मग चार कवड्या टाकायच्या. उताण्या पडलेल्या दर कवडीमागं चार चिंचोके पाऊस म्हणून घंगाळात. हे झालं एक साल. जितके चिंचोके हाती लागले तितके खिळे वर चढत आपापल्या रंगाचा दोरा पुढच्या उभ्या ओळीवर न्यायचा. अशी दहा सालं.

फळीच्या वरच्या वीस ओळींवर गुरुजींचा शेवटचा डाव तसाच होता. सहाव्या सालापर्यंत आलेला. त्यानंतर ते अंथरुणाला खिळले होते. त्यांचा दोरा पांढरा. शेवटच्या खिळ्याला त्यांनी दोन वेढे देऊन गाठ न मारता टोक खोचून ठेवलं होतं, पुन्हा सोडायला सोपं जावं म्हणून. अंजनानं त्या दोऱ्यांना हात लावला नाही. खालच्या वीस ओळी मोकळ्या होत्या, तिला तेवढ्या पुरत होत्या.

शुक्रवारी दुपारी मारुतीच्या पारावर फळी टेकवून ठेवली. सभासद जमले तसे त्यांच्या बायकाही जमल्या. खेळायला बसले चौघं. बंकट, सुंदरराव, मेंढरांचा मालक धुळाजी आणि कोयता टोळीत मुकादमाच्या तोंडाला तोंड देणारी एकटी म्हणून ओळखली जाणारी सुभद्राबाई. बंकटची आई वत्सलाबाई दोऱ्याची रिळं धरून कडेला बसली.

"गुरुजीच्या माघारी डाव थांबायला न्हाई पायजे," सुंदरराव म्हणाले. त्यांना वाटलं, हे काहीतरी श्रद्धांजलीचं आहे.

अंजनाला श्रद्धांजली नको होती. तिला रविवारचे हात हवे होते. ऊस ओढला की विहीर कशी कोरडी पडते, हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडू द्यायचं आणि मग बोलायचं, एवढाच तिचा बेत होता.

विहीर कोरडी पडली, बेतापेक्षाही लवकर. पहिल्या साली बंकटनं पाच काढले, बाकीच्यांनी दोन दोन. बंकटचा तांबडा दोरा सरसर वर गेला. तो बघून दुसऱ्या साली सुंदरराव आणि सुभद्राबाईंनीही पाच काढले. धुळाजीनं दोनच.

"मामा, हात आखडला काय?" बंकट म्हणाला.

"मला मेंढरं सांभाळायचीत, बे. ऊस काय करू, गळ्यात बांधू?"

तिसऱ्या साली पुन्हा तेच. कवड्या चारही पालथ्या पडल्या. चौथ्या साली घंगाळात तीन चिंचोके उरले होते आणि धडप्याखाली चार हात एकमेकांवर आदळले. बंकटनं मूठ उघडली तेव्हा तिन्ही त्याच्याच हातात होते. पारावर हशा पिकला. सुंदररावांनी धडपं झटकलं.

"घंगाळ रिकामं. आता काय खेळायचं? सपला डाव."

"आता बघा," अंजना म्हणाली आणि फळीकडं वळली.

सगळ्यांनी बघितलं. तांबडा दोरा अठराव्या खिळ्यावर होता. सुंदररावांचा बारावर, सुभद्राबाईंचाही बारावर. धुळाजीचा काळा दोरा सहाव्या खिळ्यावर, सगळ्यांच्या पायाशी.

"मायला, बंकट जितला!" मागून कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या.

"बघितलं का?" बंकट उठून उभा राहिला. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, त्याला खरंच बरं वाटलं होतं. "गुरुजीचीच फळी हाय ही. ज्यानं ऊस काढला त्यो वर. ज्यानं बाजरी काढली त्यो तळाला. हीर तर दोघांचीबी आटली. मग अंजे, शाणा कोण?"

अंजनानं घंगाळाकडं बोट दाखवलं. पण माणसं घंगाळाकडं बघत नव्हती. माणसं दोऱ्यांकडं बघत होती. त्यांच्यापुरता निकाल लागलेला तिला दिसला.

माणसं पांगली. वत्सलाबाई रिळं गुंडाळत मागं राहिली. म्हातारीला अक्षर येत नव्हतं, पण फळीकडं ती बराच वेळ बघत बसली.

"पोरी, एक इचारू का?"

"विचारा ना, मावशी."

"तुज्या या खेळात माणसं जेवत न्हाईत का?"

"म्हणजे?"

"बंकटनं पयल्या साली पाच काढले. चौथ्या सालीबी ते पाच हायेतच, दोऱ्यात. मग मधली सालं ह्यानं खाल्लं काय? का वाऱ्यावर जगला?" तिनं काळं रीळ पदरात टाकलं. "माजा दोरा असता तर रोज सांजच्याला खाली आला असता बाई."

अंजना फळीपुढं खाली बसली.

घरी येऊन तिनं गुरुजींच्या डावाच्या वह्या काढल्या. चौदा वर्षांचे डाव होते, कोण खेळलं, कुणाचा दोरा कुठवर गेला. एकाही डावात एकही दोरा खाली उतरलेला नव्हता. फार तर आडवा. विहीर आटली की डाव थांबायचा आणि गुरुजी उभे राहून बोलायचे. ते छान बोलायचे. लोक त्यांच्या बोलण्याखातर नियम पाळत होते, फळीकडं बघून नव्हे. फळी तर दरसाल उलटंच सांगत आली होती, जो जास्त ओढील तो वर. गुरुजींच्या आवाजापुढं ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, एवढंच.

त्यांच्या तरी का ध्यानात आलं नाही? बंकट बोलला ते तिला आता नीट कळलं. गुरुजींच्या ताटातली भाकरी पगाराची होती, नंतर पेन्शनची. पिकाशी तिचा संबंध नव्हता. म्हणून त्यांनी पीक मोजलं आणि जेवण मोजायचं राहून गेलं. आणि दुसरं, जे तिनं स्वतःशीसुद्धा जरा थांबून कबूल केलं. त्या कॉम्प्युटरवरच्या खेळात रेघा खाली यायच्या. सैन्याला खायला लागायचं, दुष्काळात शहरं ओस पडायची, मोठमोठ्या राजांच्या रेघा पडद्याच्या तळाला जाऊन पुसल्या जायच्या. वीस वर्षांच्या मुलीनं बापाला पत्र लिहिताना फक्त वर जाणाऱ्या रेघांचं वर्णन केलं होतं.

आता दुरुस्ती करायची तर सोपी होती. दरसाल प्रत्येक घरानं दोन चिंचोके खायचे. उरलं तर दोरा वर, पुरलं तर जागच्या जागी, कमी पडलं तर खाली. आणि विहीर आटली म्हणून डाव थांबवायचा नाही, कारण विहीर आटली म्हणून भूक थांबत नाही. पण त्यासाठी शून्य फळीच्या मधोमध घ्यावं लागणार होतं. वर वीस ओळी, खाली वीस ओळी. पूर्ण फळी लागणार होती.

उजेड होता तोवर ती ओसरीवर फळीसमोर उभी राहिली. बाकीचे दोरे तिनं आधी सोडले, मग पांढऱ्या दोऱ्याचं खोचलेलं टोक नखानं मोकळं केलं. सहावं साल, पाचवं, चौथं. प्रत्येक खिळ्यावरून एक वेढा. दोरा मधे कुठंतरी तुटला असता तर तिला बरं वाटलं असतं, पण गुरुजींनी तो नीट ओढला होता, कुठंही न अडकता तो सुटत गेला. तिनं तो रिळाला गुंडाळला, मोकळ्या खिळ्यांवरची धूळ पुसली आणि विसाव्या ओळीवर गेरूनं एक जाड रेघ मारली.

शनिवारी सकाळी ती घरोघर फिरली.

"परत खेळ?" सुभद्राबाई पेटी भरत होती. "अगं, सोमवारी गाडी हाय. भांडी बांधायचीत."

"तासाभराचं काम. काल चूक झाली माझी."

"तुझी चूक? का गुरुजीची?"

"दोघांची."

सुभद्राबाईनं तिच्याकडं निरखून बघितलं आणि पेटीचं झाकण लावलं. बंकट तर बोलावण्याआधीच पारावर येऊन बसला होता. जिंकलेल्या माणसाला दुसरा डाव नको म्हणता येत नाही.

अंजनानं नवा नियम सांगितला. दर साली मूठ उघडली की आधी दोन चिंचोके कोपऱ्यातल्या परातीत. ते जेवण. ते परत मिळणार नाही. मग उरलेलं मोजायचं.

"आन उरलंच न्हाई तर?" धुळाजीनं विचारलं.

"तर दोरा गेरूच्या खाली."

"खाली म्हंजे काय?"

उत्तर वत्सलाबाईनं दिलं. "खाली म्हंजे मेंढरू इकायचं, धुळाजी. तुला कळत न्हाई व्हय?"

डाव सुरू झाला. पहिल्या साली बंकटचे पाच, बाकीच्यांचे दोन. दोन पोटात. बंकट तीन खिळे वर, तिघं गेरूच्या रेघेवर. कवड्या बऱ्या पडल्या, आठ चिंचोके आले. दुसऱ्या साली सुंदरराव आणि सुभद्राबाईंचा हात पुन्हा पाचवर गेला. ठरवून नव्हे, बंकटचा दोरा वर दिसत होता म्हणून. त्या साली एकच कवडी उताणी पडली. तिसऱ्या साली तसंच. पाऊस शून्य. घंगाळात सात उरले. चौथ्या साली धडप्याखाली झटापट झाली. बंकटला पाच मिळाले, सुंदररावांना दोन, सुभद्राबाईला काही नाही, धुळाजीला काही नाही.

"दोन घाला परातीत," अंजना म्हणाली.

"कुठले घालू?" सुभद्राबाई म्हणाली.

"मागच्या उरलेल्यातून. तुमचे सहा उरलेत." तिनं सुभद्राबाईचा पिवळा दोरा दोन खिळे खाली घेतला. या फळीवर खाली उतरलेला तो पहिला दोरा.

मग तिनं काळा दोरा हातात घेतला. धुळाजीनं तिन्ही साली दोनच काढले होते, दोनच खाल्ले होते. त्याच्याकडं मागचं काही नव्हतं. तिनं दोरा गेरूच्या रेघेखाली ओढला, दोन खिळे. चौथ्या सालाच्या शेवटी एकच कवडी उताणी पडली होती. पाचव्या साली त्या चार चिंचोक्यांत बंकट आणि सुंदररावांचे हात आधी पोचले. काळा दोरा आणखी दोन खिळे उतरला. गेरूच्या खाली तो एकटाच होता.

धुळाजी उठला. साठी उलटलेला माणूस, डोक्याला लाल पटका, अंगाला कायम लोकरीचा वास. तो फळीजवळ गेला आणि आपल्या दोऱ्याच्या खालच्या टोकाला त्यानं बोट लावलं.

"मी दोनच काढलेत की."

त्यानं मागं वळून पाराकडं बघितलं.

"दरसाली दोनच काढलेत. सगळ्यांनी बघितलंय. मग समद्यात आधी मी कावून बुडालो?"

"मामा, खेळ हाय तो," बंकट म्हणाला.

"खेळ हाय तर मला गप कर की. कर ना." धुळाजी त्याच्याकडं वळला. "तू मला काय बोलला होतास? बोअर झाला की ऊस हुईल, उसाचं वाढं मेंढरांना देईन. तेवढ्यावर मी हात देतो म्हणलो. पण वाढं खाऊन माझी मेंढरं पितील काय रे? तुझा बोअर चारशे फूट, तुझ्या शेताला. मी कुठनं चारशे फूट जाऊ?"

"तुमच्या मेंढरांस्नी मी बोअरचं पाणी दिलं असतं."

"पाचव्या साली दिलंस का आत्ता? हात तर माझ्या हातावरूनच घातलास."

हे ऐकून दोघं-तिघं हसले, पण बंकट हसला नाही. त्यानं आपल्या मुठीकडं बघितलं, जणू ती दुसऱ्या कुणाची आहे.

"ताई," सुभद्राबाई म्हणाली, "दुसऱ्या सालापासून मागं घेता येतं का?"

"खेळात येतं."

"मग घे. आन कुणी म्हणलंय की धडप्याखाली मुक्यानं हात घालायचा? बोलून घालू."

अंजना थबकली. धडपं हा गुरुजींच्या डावाचा जीव होता. कुणी किती ओढतोय ते दिसू नये म्हणूनच ते होतं. पण बोलायचं नाही असा नियम वहीत कुठंच नव्हता. तो कुणी केलाच नव्हता, चौदा वर्षं लोक आपणहून गप्प राहिले होते. तिनं धडपं काढून घडी घातली आणि दोरे चार सालं मागं सोडले.

पुढचा डाव आवाजाचा झाला. सगळ्यांनी दोन दोन, यावर कुणाचं दुमत नव्हतं. भांडण जुंपलं ते पाऊस बरा पडला तेव्हा. चौथ्या साली तीन कवड्या उताण्या पडल्या आणि बंकट म्हणाला, "आता तरी कुणीतरी पाच काढा बे. का जन्मभर बाजरीच?"

"कुणी काढायचे?" सुंदररावांनी विचारलं.

"मी."

"का बरं तूच?"

"मग पाण्याला पाळी हाय, तशी ह्याला पाळी लावा." बंकट हे रागानंच बोलला, पण बोलून झाल्यावर स्वतःच थांबला. "तीन कवड्या पडल्या तर एका घराला ऊस. पाळीनं. न्हाई पडल्या तर कुणालाच न्हाई."

गुरुजी असते तर म्हणाले असते, ऊस म्हणजे नाहीच. ती वाक्यं अंजनाला पाठ होती. तिनं ती गिळली.

दहावं साल संपलं तेव्हा घंगाळात सतरा चिंचोके होते. चारही दोरे गेरूच्या रेघेला लागून चालले होते, मधेच एखादा तीन खिळे वर उठून पुढं सरळ गेलेला. काळासुद्धा.

"लई कंटाळवाणा डाव झाला," बंकट म्हणाला. "कुणी जितलंच न्हाई."

"जेवले की सगळे," वत्सलाबाई म्हणाली. "दहा सालं. मोज परातीत."

रविवारी शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. अकरा घरं, अकरा हात. सुंदररावांनी विचारलं, "बंकट, ठराव मागं घेतोस का?"

"न्हाई. दिलाय तर मांडणार. उगं खेळात हारलो म्हणून मागं घेतला असं नको व्हायला." त्यानं ठराव वाचला, सरळ, न अडखळता. आपल्या कमरेबद्दलही बोलला. अंजनानं मान खाली घालून ऐकलं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

बाजूनं चार हात वर झाले. त्यांत बंकटचा पहिला. धुळाजीनं दोन्ही हात घोंगडीत घट्ट दाबून धरले होते. विरोधात सात, त्यांत धुळाजीचाही. सुंदररावांचा हात शेवटी, पण पूर्ण ताठ.

मग अंजना उभी राहिली. "माझा एक ठराव आहे. ऊस नाही, हा नियम बदलायचा." खाली एकदम गलका झाला. ती थांबली नाही. "दसऱ्याला विहिरीत सहा परस पाणी असेल, तर एका घराला अर्धा एकर, ठिबकवर, पाळीनं. सहा नसेल तर कुणालाच नाही. यंदा साडेतीन आहे, म्हणजे यंदा नाही. पहिली पाळी बंकटची."

"गुरुजीचा नियम तू मोडतीस?" कुणीतरी म्हणालं.

"नियम विहीर टिकवायला होता. मी तेच करतेय."

बंकट तिच्याकडं बघत होता. "सहा परस कधी हुईल?"

"माहीत नाही. पुढच्या साली. नाहीतर त्याच्या पुढच्या."

"म्हंजे उद्या मला जावंच लागतंय."

"हो."

त्यानं बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशीवरची माती उकरली. मग म्हणाला, "माझी एक अट. आमी हितं नसताना पाणी कोण उपसतंय, आमाला कळत न्हाई. जाताना हीर बघतो, येताना हीर बघतो, मधल्या सहा महिन्यांचं काय? पंधरा दिसाला हीर मोजायची. आन तो दोरा फळीवर लावायचा, आन फळीचा फोटू मला."

"मोजणार कोण?" सुंदररावांनी विचारलं. "मी मोजतो."

"तुमचं रान हिरीला लागून हाय, काका. रागावू नका. अंजे मोजंल. तिचं रान पडीक, तिला थेंबबी नको."

"ती बीडला ऱ्हाती."

"एसटी आहे की," अंजना म्हणाली. "महिन्यातले दोन रविवार."

"आन खोटं लिवलंस तर?"

"तर कर्नाटकातून ये आणि स्वतः मोज."

व्हरांडा हसला. नऊ हात वर आले. बंकटचा त्यात होता.

सोमवारी दिवस उगवायला ट्रॅक्टर आले. सुभद्राबाईची पेटी, बंकटची गोधड्यांची गाठोडी, दोन शेळ्या. बंकटची बायको वर चढली आणि तिनं हात देऊन त्याला ओढून घेतलं. तो कमरेला हात लावून हळूच बसला. वत्सलाबाईनं नातवाच्या तोंडावरून हात फिरवला. गाडी वळणाआड गेली तरी धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

अंजनाची बस साडेदहाला होती. तिनं वत्सलाबाईला सोबत घेतलं आणि विहिरीवर गेली. पायऱ्या उतरून शेवटच्या कोरड्या पायरीवर उभी राहिली. दोराला दगड बांधून तो मधोमध सोडला, तळाला टेकला तसा ताण सैल पडला, मग हातावर हात टाकत वर ओढला. भिजलेला भाग मोजला. साडेतीनला चार बोटं कमी. तिनं दोर पायरीवर पसरला, फोटो काढून पाठवला आणि खाली आकडा लिहिला. फळीवरचा दोरा घरी जाऊन लावायचा होता.

ती वर येईतो उत्तर आलं होतं. गाडी कुठंतरी चहाला थांबली असावी. बंकटनं लिहिलं होतं : ओला भाग नीट दिसत न्हाई. सावली पडलीया. परत काढ.

"काय म्हणतोय?" वत्सलाबाईनं काठावरून विचारलं.

"परत मोज म्हणतोय."

"मेला जन्माचा संशयी. बस चुकंल तुझी."

"दुसरी दोनला आहे," अंजना म्हणाली. तिनं दगडाची गाठ पुन्हा ताणून बघितली आणि उन्हाची बाजू धरून ती पायऱ्या उतरू लागली.